स्वस्त कॉम्प्रेसर पेडल: सूं आवाज, पातळ बेस आणि मेलेला स्ट्रोक

तक्रार जवळपास ठरलेली असते. गिटारवाल्याने तीन-चार हजारांच्या आतलं कॉम्प्रेसर पेडल घेतलेलं असतं. घरी हेडफोनवर ते छान वाजतं, पण तालमीत अ‍ॅम्प जरा उघडला की हात थांबताच सूं सूं वर यायला लागतं. तेच पेडल बँडमधला बेसवाला एका गाण्यापुरतं मागून घेतो, तर त्याच्या बेसचा तळच निघून जातो. मग दोघांचंही मत एकच होतं: स्वस्तातला माल, दुसरं काय होणार. पेडल खोक्यात परत जातं किंवा निम्म्या किमतीत विकलं जातं.

दुरुस्तीच्या टेबलावर अशी पेडलं माझ्यासमोर कायम येतात आणि त्यांतली बरीचशी उघडावीही लागत नाहीत. दोष केबलमध्ये निघतो, अ‍ॅडाप्टरमध्ये निघतो, पेडलं लावण्याच्या क्रमात निघतो, नाहीतर नॉब नको तिथे असतो. ज्यांचं बजेट मोजकं आहे त्यांनी चालू असलेलं पेडल फेकून दुसरं घ्यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक लक्षण घेऊन त्याच्या कारणापर्यंत कसं जायचं ते सविस्तर लिहितो आहे.

कॉम्प्रेसर नेमकं काय करतो

मोठा आवाज दाबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. समजा रेशो ४:१ आहे. ठरलेल्या पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, ८ डेसिबल वर गेलेला स्ट्रोक बाहेर येताना फक्त २ डेसिबल वर राहतो. पण दाबल्यामुळे एकूण आवाज कमी होतो आणि तो भरून काढायला पेडल सगळंच वर उचलतं. आपल्या तक्रारींचं मूळ या उचलण्यात आहे.

दोन-तीन नॉबच्या पेडलमध्ये ‘सस्टेन’, ‘सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘कॉम्प’ असं नाव असलेला एकच नॉब दाबणं आणि उचलणं ही दोन्ही कामं करतो. ही मांडणी जुनी आहे. एमएक्सआर कंपनीचं १९७०च्या दशकातलं डायना कॉम्प अवघ्या दोन नॉबचं होतं, आणि आज मिळणाऱ्या कित्येक स्वस्त पेडलांचं सर्किट त्याच घराण्यातलं आहे. त्यात तार जोरात वाजते तेव्हा पेडल हात आखडता घेतं, आणि तार विझत जाते तसं जास्त जास्त उचलतं. म्हणजे तुम्ही काहीच वाजवत नसता तेव्हा ते सर्वात जास्त उचलत असतं. ही उचल २० डेसिबल असेल तर विद्युतदाबाच्या हिशेबात ती १० पट झाली. पिकअपची घरघर, केबलची खरखर, आधीच्या पेडलची सूं, सगळं १० पट. ओहोटी लागली की खडक उघडे पडतात, तसा हा आवाज तिथे आधीपासून असतोच. तारेचा आवाज ओसरला की तो दिसतो.

म्हणून कॉम्प्रेसरचा आवाज शोधायचा तर सुरुवात कॉम्प्रेसरच्या आधी काय लागलं आहे तिथून करावी.

सूं, घरघर की शिट्टी?

आधी कान देऊन आवाज कोणता ते ठरवा. वाफेसारखी सपाट सूं वेगळी, जाड घरघर वेगळी आणि बारीक शिट्टी वेगळी. तिघांची कारणंही वेगळी आहेत.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. पेडल चालू ठेवा, अ‍ॅम्प नेहमीच्या आवाजावर ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. दोन व्हॉल्यूम असतील तर दोन्ही शून्यावर. आवाज गेला, तर तो गिटारमधून येत होता. पेडल निर्दोष आहे. आवाज तसाच राहिला, तर पेडल, त्याचा वीजपुरवठा किंवा त्याच्या पुढचं काहीतरी आहे. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं.

घरघर गिटारमधून येत असेल तर जागेवर बसून हळूहळू वळून पाहा. सिंगल-कॉइल पिकअप असेल तर एका दिशेला घरघर वाढते, दुसऱ्या दिशेला जवळपास नाहीशी होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत ऐकू येते. खोलीतल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचा डिमर हे या बाबतीत मोठे त्रासदायक. त्यातले बरेच विजेची लाट मधेच कापून वेग कमी करतात आणि त्या कापण्यातून करकरीत बझ तयार होतो, तो पिकअप थेट उचलतो. पंखा बंद करून ऐका. फरक पडला तर तालमीपुरता पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद ठेवा.

तारांना हात लावला की घरघर कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक गिटारींचं तसंच असतं. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की बराच फरक पडतो. हात लावल्यावर घरघर वाढत असेल तर मात्र ब्रिजची ग्राउंड वायर किंवा जॅकची जोडणी तपासायलाच हवी.

बेसवाल्यांसाठी एक खास गोष्ट. जॅझ बेसच्या धर्तीच्या बेसवर दोन सिंगल-कॉइल पिकअप असतात आणि दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की त्यांची घरघर बहुतेकदा एकमेकांना रद्द करते. एक व्हॉल्यूम किंचित खाली केला की ती परत डोकं वर काढते. कॉम्प्रेसरशिवाय हे फारसं जाणवत नाही, कॉम्प्रेसर लावला की लगेच कळतं. टोनसाठी एक पिकअप थोडा कमी ठेवायची सवय असेल तर आधी दोन्ही पूर्ण उघडून ऐका.

व्हॉल्यूम शून्यावर असूनही आवाज येतो आहे, तर आता वीज तपासायची. पेडलमध्ये बॅटरीची जागा असेल तर अ‍ॅडाप्टर काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. छोट्या आकाराच्या पेडलांत बॅटरी बसत नाही. त्यासाठी बॅटरीच्या क्लिपला अ‍ॅडाप्टरसारखी पिन जोडलेली वायर मिळते किंवा घरी करता येते. इथे ध्रुव नीट पाहा. बहुतेक गिटार पेडलांना मध्य-ऋण पिन लागते, म्हणजे बॅटरीची लाल वायर पिनच्या बाहेरच्या भागाला आणि काळी आतल्या भागाला. मल्टिमीटरचा लाल प्रोब आत आणि काळा बाहेर धरला की उणे ९ दिसलं पाहिजे.

बॅटरीवर आवाज थांबला तर चोर सापडला. जुन्या पद्धतीच्या जड, ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडाप्टरवर ९ व्होल्ट छापलेलं असतं, पण त्यात रेग्युलेटर नसेल तर भार नसताना ते १२-१३ व्होल्टही देतात आणि सोबत १०० हर्ट्झची लहर सोडतात. कॉम्प्रेसरसारखं सर्किट जेमतेम काही मिलिअँपिअर खातं, म्हणजे अ‍ॅडाप्टरच्या दृष्टीने भार जवळपास नाहीच. घरात पडलेला कीबोर्डचा अ‍ॅडाप्टर लावणंही सर्रास चालतं. काही कीबोर्डांचे अ‍ॅडाप्टर मध्य-ऋण असतात, काहींचे मध्य-धन, काही १२ व्होल्टचे. पिन बसली म्हणजे जुळलं असं होत नाही. अ‍ॅडाप्टरवरचं वर्तुळाचं चिन्ह आणि पेडलवरचं चिन्ह शेजारी ठेवून पाहा, मगच लावा.

शिट्टी ऐकू येत असेल तर नजर डिजिटल पेडलकडे वळवा. एका अ‍ॅडाप्टरवरून माळेसारखी वायर काढून डिले, रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसर जोडलेले असतात. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची चाळवाचाळव वीजवाहिनीवर येते, तिथून कॉम्प्रेसरमध्ये शिरते, आणि कॉम्प्रेसर तिलाही प्रेमाने उचलतो. डिजिटल पेडलची पिन काढा. शिट्टी गेली तर त्याला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. सगळ्यांसाठी मिळून वीजपुरवठ्याचा डबा घेणार असाल तर त्यावर ‘आयसोलेटेड’ लिहिलं आहे एवढ्यावर विसंबू नका. डबा विजेपासून सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा आणि दोन आउटपुटांच्या मधल्या, म्हणजे ऋण बाजू एकमेकींशी तपासा. मीटर वाजला, तर त्यांचं ग्राउंड एकच आहे आणि डबा आयसोलेटेड नाही.

वरचं सगळं करूनही सपाट सूं उरली, तर ती पेडलची स्वतःची. ती पूर्ण जात नाही, पण सस्टेन कमी केला की लगेच खाली येते. मला वाटतं, स्वस्त पेडलवर सस्टेनचा नॉब १२ वाजण्याच्या, म्हणजे सरळ वर, त्याच्या पुढे न्यायची गरज फार थोड्या गाण्यांना असते. दुकानातल्या प्रात्यक्षिकात तो पुढे नेतात, कारण परिणाम चटकन ऐकू यावा लागतो. गाण्यात परिणाम ऐकू येण्यापेक्षा पेडल बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटणं पुरेसं असतं.

अर्थिंगची पिन कापू नका

घरघर थांबवायचा एक घातक उपाय तालमीच्या खोल्यांत आणि मंडपात सर्रास होतो: अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकायची किंवा दोन पिनांच्या जोडणीतून अ‍ॅम्प चालवायचा. घरघर कधी कधी खरंच थांबते. पण अ‍ॅम्पमध्ये पुढे दोष निर्माण झाला तर त्याच्या लोखंडी चासिसवर २३० व्होल्ट येऊ शकतात. तिथून ते केबलच्या जाळीतून तुमच्या तारांवर येतात, आणि तुमचे ओठ माइकला लागलेले असतात. माइकला लागताना ओठांना झिणझिण्या येणं ही किरकोळ गोष्ट नाही. तसं झालं तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा, कार्यक्रम थोडा उशिरा सुरू झाला तरी चालेल.

अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या ठिकाणच्या विजेवर असल्यामुळे घरघर येत असेल तर दोन्ही एकाच बोर्डावरून चालवा. बेस डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मिक्सरला जात असेल तर डीआयवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका वापरा. तो फक्त आवाजाच्या वायरमधली जोडणी सोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना घरघर असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. कॉम्प्रेसरवर आलेला आळ बऱ्याचदा तिथेच निघून जातो.

बेसचा तळ कुठे जातो

या तक्रारीत एकापेक्षा जास्त कारणं मिसळलेली असतात, आणि बेसवाल्यांना यात कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

सर्वात पहिलं कारण विजेत किंवा सर्किटमध्ये नाहीच, ते आपल्या कानात आहे. पेडल चालू केल्यावर आवाज बंद पेडलपेक्षा थोडासा जरी कमी असेल तर कानाला सर्वात आधी तळ गेल्यासारखा वाटतो. आवाजाची एकूण पातळी खाली आली की खालच्या सुरांबद्दलची कानाची जाण मधल्या सुरांपेक्षा जास्त घटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये केलेलं यावरचं मोजमाप १९३३मध्ये प्रसिद्ध झालं, आणि लेव्हलचा नॉब लावताना ते आजही लक्षात ठेवावं लागतं. तेव्हा लेव्हल आधी जुळवा. एक ओळ वाजवत राहा, पेडल चालू-बंद करत राहा, आणि दोन्ही वेळा सारखाच मोठा वाटेल इथे लेव्हल आणा. वाजवणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाचा असला की फसगत होते, म्हणून शक्य असेल तर ड्रमरला समोर उभं करून त्याला विचारा. त्यानंतरही तळ कमी वाटला तरच पुढे जा.

दुसरं कारण सुराच्या लांबीचं. चार तारांच्या बेसची खालची ई ४१.२ हर्ट्झची, तिची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. पाच तारांच्या बेसची बी सुमारे ३०.९ हर्ट्झची, तिला ३२ मिलिसेकंद. गिटारची खालची ई ८२.४ हर्ट्झची, तिला फक्त १२. कॉम्प्रेसर दाबून सोडण्याचं काम फार झपाट्याने करत असेल तर बेसच्या बाबतीत तो एका सुराची पातळी सांभाळण्याऐवजी त्या सुराच्या एकेका लाटेच्या मागे धावायला लागतो. लाटेचा माथा दाबतो, लगेच सोडतो, परत दाबतो. त्यामुळे लाटेचा आकार बिघडतो आणि खालच्या तारेवर फाटल्यासारखी खरखर येते. तोच नॉब, तीच जागा, गिटारवर काहीच होत नाही. गिटारसाठी आखलेलं पेडल बेसला का झेपत नाही, याचं हे मोठं कारण आहे. अ‍ॅटॅक (किती झटकन दाबायचं) किंवा रिलीज (किती झटकन सोडायचं) यांचा नॉब असेल तर दोन्ही संथ करा. नसेल तर सस्टेन कमी करणं एवढाच मार्ग. आतमध्ये दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोध असलेले ऑप्टिकल प्रकारचे कॉम्प्रेसर मुळातच संथ असतात, म्हणून स्वस्तातलाच घ्यायचा आणि तो बेसलाही वापरायचा असेल तर माझी पसंती त्या प्रकाराला आहे.

तिसरं कारण खरोखर सर्किटमधलं. सिग्नलच्या वाटेवर बसवलेला कपॅसिटर आणि त्याच्या पुढचा रोध मिळून ठरतं, किती हर्ट्झच्या खाली आवाज कापला जाईल. ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४७ किलोओहमचा रोध असेल तर ही सीमा सुमारे ७२ हर्ट्झला येते. गिटारची सर्वात खालची तार त्याच्या वर आहे, तिला धक्का लागत नाही. बेसच्या खालच्या दोन तारा, म्हणजे ४१ हर्ट्झची ई आणि ५५ हर्ट्झची ए, दोन्ही त्याच्या खाली येतात. त्या जागी ०.२२ मायक्रोफॅरड बसवला की सीमा १५ हर्ट्झच्या आसपास उतरते आणि तळ परत मिळतो. मात्र हे काम सोल्डरिंगचा हात बसलेल्यानेच करावं. सर्किट पाहून कुठला कपॅसिटर सिग्नलच्या वाटेवर आहे ते कळलं पाहिजे. अंदाजाने सगळे बदलायचे नाहीत. छोट्या पेडलांत तर भाग इतके बारीक असतात की साध्या सोल्डरिंग आयर्नने पॅड उपटून निघतो.

चौथं कारण अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असलेल्या, बेसवाल्यांसाठी. अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्पचा आवाज मोठा असतो, त्यात बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा, नॉब वर असेल तर आणखी मोठा. ९ व्होल्टवरच्या पेडलचा पहिलाच टप्पा त्यात फाटतो आणि पुढे कॉम्प्रेसर कितीही दाबला तरी फाटलेलं शिवलं जात नाही. ओळखायचं असं: सस्टेन अगदी कमी करा आणि जोरात वाजवा. तरीही कुरकुर येत असेल तर इनपुट भरून वाहतो आहे. बेसचा व्हॉल्यूम खाली घ्या, प्रीअ‍ॅम्पवरचा बास मध्यावर आणा आणि हवा असलेला बास अ‍ॅम्पवर वाढवा. कॉम्प्रेसरच्या आधी बास वाढवण्याचा दुसराही तोटा आहे. पेडल आवाजाची पातळी मोजताना तो बासच मोजतं, आणि खालच्या सुराच्या निमित्ताने वरची चमकही दाबून टाकतं.

ज्या पेडलवर ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ नॉब आहे त्यावर स्वच्छ आवाज निम्मा ठेवला की बेसचे बहुतेक प्रश्न सुटतात. नॉब नसेल तरी कार्यक्रमात हे साधता येतं: डीआय पेडलच्या आधी लावून स्वच्छ आवाज मिक्सरला द्यायचा आणि दाबलेला आवाज अ‍ॅम्पला. दोन्ही एकत्र केल्यावर तळ उलट गायब झाला, तर समजा की पेडल लाट उलटी करतं आहे आणि दोन आवाज एकमेकांना खात आहेत. मिक्सरवर त्या चॅनेलचं फेज उलटवायचं बटण असतं, एक रेघ मारलेलं वर्तुळ. साउंडवाल्याला ते दाबायला सांगा.

स्ट्रोक मेल्यासारखा वाटतो

गिटारवाल्यांची ही दुसरी मोठी तक्रार. पिकचा टणत्कारच येत नाही, सगळं सपाट.

आधी अ‍ॅटॅकचा नॉब पाहा, आणि त्याच्या नावावर जाऊ नका. स्टुडिओतल्या यंत्रांवर अ‍ॅटॅक मिलिसेकंदांत असतो, म्हणजे कॉम्प्रेसर किती वेळाने दाबायला सुरुवात करेल. पेडलांवर तो बऱ्याचदा ‘पिकचा आघात किती ऐकू यावा’ या अर्थी असतो. १९८६पासून बाजारात असलेल्या बॉस सीएस-३वर आणि त्याच धर्तीच्या लेव्हल, टोन, अ‍ॅटॅक, सस्टेन अशा चार नॉबच्या पेडलांवर अ‍ॅटॅक उजवीकडे नेला की आघात तीक्ष्ण होतो. माहीत नसेल तर तारा डाव्या हाताने दाबून एकच बंद स्ट्रोक सतत मारत राहा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठल्या बाजूला टणत्कार आहे ते लगेच कळेल.

अ‍ॅटॅकचा नॉबच नसेल तर सस्टेन कमी आणि लेव्हल थोडी जास्त, ही जोडी वापरा. टोन किंवा ट्रेबलचा खटका असेल तर तो इथे उपयोगी पडतो, पण तो सूं पण वाढवतो हे लक्षात असू द्या.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज कमी होत नाही, असंही विचारतात. हा दोष नाही. तुम्ही कमी केलेलं कॉम्प्रेसर भरून काढतो. व्हॉल्यूम पेडल वापरत असाल तर ते कॉम्प्रेसरच्या पुढे, म्हणजे अ‍ॅम्पच्या बाजूला लावा.

क्रमाबद्दल थोडक्यात: कॉम्प्रेसर ओव्हरड्राइव्हच्या आधी. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो, शिवाय त्याची सूं मोठी असते. कॉम्प्रेसर त्याच्या नंतर लावला तर ती सगळी वर येते. डिले आणि रिव्हर्ब कॉम्प्रेसरच्या नंतर, नाहीतर शेपट्या फुगायला लागतात. जुन्या पद्धतीच्या फझला पिकअप थेट जोडलेला आवडतो, म्हणून तो आधी आणि कॉम्प्रेसर त्याच्या मागून. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) वापरायचाच असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी ठेवून पाहा. कॉम्प्रेसरनंतर तारेचा आवाज आणि सूं यांतलं अंतर इतकं कमी झालेलं असतं की गेटला दोन्हीतला फरक ओळखता येत नाही, आणि तो सुराची शेपटी कापून टाकतो.

प्रत्येक स्ट्रोकला ‘ठप’

बेसवर सूर सुरू होताना आत कोणीतरी डबा ठोकल्यासारखा ठप आवाज येतो. डायना कॉम्पच्या घराण्यातल्या सर्किटमध्ये ओटीए जातीची चिप पातळी कमी-जास्त करते. मूळ सर्किटमध्ये सीए३०८० ही चिप होती. ती आता बनत नाही. आज त्या कामासाठी एलएम१३७०० मिळते. चिपचे दोन भाग समतोल नसतील तर नियंत्रणाचा विद्युतदाब आवाजात मिसळतो आणि तोच ठप म्हणून ऐकू येतो. समतोल साधायला आत एक छोटा ट्रिमर असतो. काही स्वस्त नकलांत त्याऐवजी ठरावीक रोध बसवून मोकळे होतात. तिथे इलाज नाही, सस्टेन कमी ठेवून वाजवायचं.

ट्रिमर असेल तर आधी त्याच्या मूळ जागेवर मार्करने खूण करा. पेडल चालू, सस्टेन जास्त, तारा हाताने बंद. तारांवर बोटाने हलके आघात करत ट्रिमर अगदी थोडा थोडा फिरवा. एका जागी ठप सर्वात कमी होतो, दोन्ही बाजूंना वाढतो. तिथे थांबा. पेडलमध्ये एकापेक्षा जास्त ट्रिमर असतील आणि कोणता कशाचा हे माहीत नसेल तर हात लावू नका.

पेडल चालू-बंद करताना एकदाच येणारा टक् आवाज वेगळा. अ‍ॅम्प कमी ठेवून खटका काही वेळा दाबला की तो बहुतेकदा विरतो. विरत नसेल तर कपॅसिटरमधून गळती आहे किंवा इनपुटला ग्राउंडशी जोडणारा मोठा रोध नाही; एक मेगओहमचा रोध लावणं हे दुरुस्तीवाल्याचं सोपं काम आहे.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या पावसात

जून ते सप्टेंबर जॅक काळे पडतात. आवाज मधेच जातो, केबल हलवली की येतो, आणि कॉम्प्रेसरमुळे ती खरखर मोठी होऊन ऐकू येते. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आत-बाहेर करा, नाहीतर प्लगला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासा. गंज सोडवायचा तेलकट फवारा मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. पेडल पेटीत ठेवताना सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा. बॅटरीवर वापरत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडलांत ती केबलच बॅटरीचा स्विच असते.

दोघांचं मिळून एकच पेडल असेल तर

नॉब ७ वाजल्यापासून ५ वाजेपर्यंत फिरतो असं धरून सांगतो. स्वच्छ गिटारला, फंकच्या तुटक स्ट्रोकना: सस्टेन ११, अ‍ॅटॅक आघाताच्या बाजूला २, लेव्हल बंद पेडलइतकी किंवा केसभर जास्त. सोलोला लांब सूर हवे असतील तर सस्टेन १, पण मग सुरांच्या मधल्या शांततेत तारा हाताने बंद ठेवायची शिस्त हवी. बोटांनी वाजवलेल्या बेसला: सस्टेन ९ ते १०, अ‍ॅटॅक १२, टोन मध्यावर. स्लॅप करणाऱ्यांनी अ‍ॅटॅक थोडा मागे आणावा, म्हणजे ओढलेल्या तारेचा फटका आटोक्यात येतो, आणि सस्टेन तिथेच ठेवावा. आवाज कमी वाटला तर लेव्हलने भरून काढावा. ही सुरुवातीची जागा आहे, तुमच्या पिकअपप्रमाणे सरकवावी लागेल. जमलेल्या दोन्ही जागांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एवढं सगळं तपासूनही सस्टेन ९ वाजण्याच्या जागेवर असताना सूं गाण्यात ऐकू येत असेल, किंवा बॅटरीवर, एकट्याने जोडलेलं असताना, पॅसिव्ह बेसवरही खालची तार फाटत असेल, तर पेडल वॉरंटीत बदलून मागा. मागताना हीच परीक्षा दुकानदारासमोर करून दाखवा: बॅटरी, एक केबल, एक गिटार, अ‍ॅम्प, मधे दुसरं काहीही नाही. वादाला जागा उरत नाही.